जांभ्या मातीत सांडलेलं तेल आणि ते खाणारे जिवाणू

कातळफूल

दुसऱ्या एका धाग्यावर सुरंगी यांनी विचारलं होतं: महामार्गावर टँकर कलंडला, फर्नेस ऑइल (भट्ट्यांत जाळायचं जड, काळं तेल) आणि गाडीच्या टाकीतलं डिझेल गडग्याखालून काजूच्या बागेत उतरलं. तेलाने काळी झालेली वरची माती कंत्राटदाराची माणसं डंपरने घेऊन गेली, पण खाली वीतभर खणलं की अजून वास येतो. आता एकजण "तेल खाणाऱ्या जिवाणूंची" पावडर घेऊन आलाय. घ्यावी का?

उत्तर तिथे मावणारं नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि माती हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी थेट उत्तर. पावडरीची घाई करू नका. ते जिवाणू तुमच्या मातीत आजच आहेत. त्यांना हवा, ओल, नत्र आणि स्फुरद मिळालं तर ते काम करतात. ते मिळालं नाही, तर विकत आणलेलेही उपाशी मरतात. आणि आपल्याकडे या कामाला मुदत आहे ती पावसाची. जूनमध्ये एकदा धार लागली की तेलही वाहणार, टाकलेलं खतही वाहणार, आणि दोन्ही खालच्या विहिरीत जाणार.

आता जरा खोलात.

तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या आणि वलयं. झाडांच्या पानांवर मेणाचा जो पातळ थर असतो, त्यातही अशाच लांब साखळ्या असतात. पानं गळतात, मातीत मिसळतात आणि कुणीतरी ती पचवतं. म्हणून तेलाचा थेंबही न पाहिलेल्या रानातल्या मातीतसुद्धा या साखळ्या तोडणारे जिवाणू सापडतात. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, ॲसिनेटोबॅक्टर, मायकोबॅक्टेरियम, बॅसिलस ही त्यातली नेहमीची कुळं. एरवी त्यांची संख्या बेताची असते. तेल पडलं की बाकीचे मागे पडतात आणि हे भराभर वाढतात.

सरळ साखळीच्या टोकाला जिवाणूचं एक विकर (एन्झाइम) ऑक्सिजनचा अणू जोडतं. साखळीचं अल्कोहोल होतं, मग अल्डिहाइड, मग मेदाम्ल. एकदा मेदाम्ल झालं की पुढचा रस्ता आपल्या ओळखीचा आहे: आपलं शरीर खोबरेल ज्या वाटेने पचवतं, त्याच वाटेने जिवाणू दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडत ते संपवतो. वलयाच्या रेणूंना आधी ऑक्सिजनचे दोन अणू लागतात, मग वलय फुटतं. शेवटी उरतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि जिवाणूंचं स्वतःचं अंग. काही जिवाणू साबणासारखे पदार्थही सोडतात, त्याने तेलाचे बारीक थेंब होतात आणि खायला जास्त पृष्ठभाग मिळतो.

या सगळ्यात पहिल्याच पायरीला ऑक्सिजन लागतो, हे ध्यानात ठेवा. हवा नसेल तर हे काम पूर्ण थांबत नाही, पण इतकं मंदावतं की आपल्या हिशेबात ते धरता येत नाही.

किती हवा? हिशेब करून बघू. एक ब्रास माती म्हणजे १०० घनफूट, वजनाने सव्वाचार टन धरा. त्यात १ टक्का तेल असेल तर तेल झालं ४२ किलो. एक किलो तेल पूर्ण पचायला सव्वातीन किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो. म्हणजे सगळ्याला मिळून सुमारे १४० किलो ऑक्सिजन, आणि तेवढा ज्या हवेतून मिळेल ती हवा भरते ५०० घनमीटर! एक ब्रास मातीच्या पोकळ्यांत एका वेळी जेमतेम एक घनमीटर हवा मावते. ती शेकडो वेळा बदलली पाहिजे. माती भुसभुशीत असेल तर हे आपोआप होतं. पोकळ्यांत पाणी भरलं की होत नाही, कारण ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या दहा हजारपट हळू पाण्यातून पसरतो. चिखलात तेल वर्षानुवर्षं राहतं ते यामुळेच.

खताचा हिशेबही याच ब्रासवर. ४२ किलो तेलात कार्बन सुमारे ३६ किलो. पुस्तकी प्रमाण कार्बन १००, नत्र १०, स्फुरद १ असं आहे. नत्र ३.६ किलो म्हणजे जवळपास ८ किलो युरिया. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट ५ किलोच्या आसपास. पण हे एकदम ओतायचं नाही. जास्त युरियाने माती खारते, अमोनिया होतो आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय तेच जिवाणू दबतात. चौथा हिस्सा आधी, मग पंधरा-वीस दिवसांनी पुढचा. जिवाणू मेले की त्यांच्या अंगातलं नत्र पुन्हा मातीत येतं, त्यामुळे बऱ्याचदा पुस्तकी आकड्याच्या निम्म्यातही भागतं.

आपल्या जांभ्या मातीचं वेगळेपण इथे आडवं येतं. ती आम्लधर्मी असते, सामू (pH) बहुतेक ठिकाणी ५ ते ६.५. तेल खाणाऱ्यांना ६ ते ८ मानवतो. शिवाय जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, जिवाणूंच्या हाती लागू देत नाही. म्हणून आधी सामू तपासून चुना, शिंपल्यांचा मिळाला तर तोही चालतो. चुना आणि युरिया एकत्र कधीच नाही, नाहीतर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. आणि स्फुरद शेणखतात कालवून द्या, म्हणजे मातीने धरण्याआधी जिवाणूंना मिळतं.

ओल ओळखायची सोपी खूण: माती मुठीत दाबली तर लाडू व्हावा, पाणी गळू नये, बोटाने टोचला की फुटावा.

ऊब मात्र आपल्याकडे फुकट आहे. थंड देशांत वर्षातून मोजके महिने जे काम होतं, ते आपल्याकडे बारमाही होऊ शकतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

---

सुरंगी

कातळफूलताई, मनापासून आभार. एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. काही गोष्टी आधी लिहायच्या राहिल्या होत्या. पहिल्या दिवशी गावातल्या मुलांनी मदत म्हणून त्यावर धुण्याची पावडर आणि पाणी मारलं. दुसरं म्हणजे आमची विहीर बागेच्या खालच्या अंगाला आहे, साठ-सत्तर पावलांवर. पाण्यावर तवंग दिसत नाही, पण सासूबाई म्हणतात वास येतो. आम्ही सध्या शेजारून पाणी आणतोय. आणि डिझेल पडलं होतं त्या कडेचा वास आता बराच कमी झालाय, म्हणजे तिथे जिवाणूंनी काम केलं असं समजायचं का?

---

कातळफूल

सुरंगीताई, शेजारून पाणी आणताय हे उत्तम. तेच चालू ठेवा, वास पूर्ण गेला तरी तपासणी होईपर्यंत ते पाणी पिऊ नका. डिझेलमधले बेंझीनच्या जातीचे रेणू पाण्यात थोडे विरघळतात आणि ते तवंगात दिसत नाहीत. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झटकन खाली उतरतं आणि खालच्या चिकण थरावरून सरकत विहिरीला किंवा झऱ्याला लागतं. साठ-सत्तर पावलं हे अंतर जांभ्यात मोठं नाही. पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता, थंड ठेवून प्रयोगशाळेत द्यायचा. प्लास्टिकची बाटली नको. विहिरीत कुणीही जिवाणू, खत किंवा शेण टाकायला आलं तर त्याला काठावरूनच परत पाठवा.

धुण्याची पावडर: पुन्हा कुणी मारू नये. तेल त्याने नाहीसं होत नाही, थेंब बारीक होऊन पाण्याबरोबर आणखी खाली जातं. तेल सांडलं की पहिल्या तासात करायचं काम म्हणजे मातीचा बांध घालून ते अडवणं आणि लाकडाचा भुसा, भाताचं तूस, काथ्याचा भुसा यांत शोषून घेणं. गिरणीतला भुसा कोकणात सगळीकडे मिळतो.

वासाबद्दल: नाही, लगेच तसं समजू नका. डिझेलचा हलका भाग उडून जातो. वास गेला म्हणजे जड भागही गेला असं होत नाही. तेल खरंच पचलं का, हे मातीतल्या एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनच्या तपासणीत कळतं. ती महाग वाटत असेल तर घरची एक चाचणी आहे. बागेतली स्वच्छ माती एका कुंडीत, तेलकट माती दुसऱ्या कुंडीत, दोन्हींत सारख्याच मोजून मुगाच्या बिया. किती उगवल्या आणि मुळं केवढी झाली ते बघा. दर महिन्याला पुन्हा करा. प्रयोगशाळेतही माती विषारी राहिली का हे बघायला बियांच्या उगवणीची चाचणी करतात.

---

रसायनवाला

लेख आवडला. मी लोट्याच्या औद्योगिक पट्ट्यात रसायनांच्या कारखान्यात काम केलंय, दोन गोष्टींची भर घालतो.

पावडर सरसकट थोतांड नाही. दिल्लीच्या टेरी या संस्थेने जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ऑइलझॅपर नावाचं मिश्रण बनवलं. पाच जातींचे जिवाणू, वाहक म्हणून दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाची भुकटी. तेलशुद्धीकरण कारखान्यांचा गाळ आणि तेलविहिरींच्या भोवतीची माती त्याने साफ केलेली आहे. पुढे ओएनजीसी आणि टेरी यांनी मिळून त्यासाठी कंपनीही काढली. तेव्हा "विकत आणलेले मरतात" हे वाक्य जरा सैल करायला हवं.

दुसरं, डंपरने गेलेली माती कुठे गेली? तेलाने भिजलेली माती घातक कचऱ्यात मोडू शकते, आणि २०१६च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ती कुठेही ओतता येत नाही. पावती मागा. माती एखाद्या चिऱ्याच्या जुन्या खाणीत गेली असेल तर त्या गावची विहीर बिघडेल. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवलंय का?

---

सुरंगी

तलाठ्याकडे पंचनामा झालाय. मंडळाला अजून नाही. उद्याच अर्ज देते.

---

कातळफूल

रसायनवाला, तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही दिलेलं उदाहरण कुठलं आहे ते बघा. तेलशुद्धीकरणाचा गाळ, जिथे तेल भरमसाठ आणि जिवंत काही फारसं उरलेलं नाही. तिथे बाहेरून तयार फौज आणणं फायद्याचं आहे, आणि ती आणणारे लोक बरोबर खत, नांगरट, ओल, तपासणी हे सगळंही सांभाळतात. काजूच्या बागेत एक टक्का तेल असताना गोष्ट वेगळी. मातीत आधीच असलेल्या जिवाणूंशी नव्यांची स्पर्धा होते आणि नवे बहुतेकदा हरतात.

शंका असेल तर पावडरीची परीक्षा घ्या. तीन बादल्या, तळाला भोकं पाडलेल्या, तिन्हींत तीच तेलकट माती. पहिलीला काही करू नका. दुसरीला खत, ओल आणि दर आठवड्याला उकरणं. तिसरीला हे सगळं अधिक पावडर. दोन-अडीच महिन्यांनी तिन्हींत मूग पेरा, शक्य असेल तर तिन्हींची तपासणी करा. दुसरी आणि तिसरी सारख्याच निघाल्या तर पैसे वाचले. आणि विकणाऱ्याला विचारा: कुठल्या जाती, एका ग्रॅममध्ये जिवंत संख्या किती, मुदत कधीपर्यंत. ही तीन उत्तरं पिशवीवर छापलेली नसतील तर घेऊ नका.

---

आंबेघर

माहितीपूर्ण धागा. माझी नैसर्गिक शेती आहे, म्हणून विचारतो: युरियाऐवजी जीवामृत का नको? त्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधाची माती, म्हणजे जिवाणूही आले आणि नत्रही. आमच्या बागेत जीवामृताने माती इतकी सुधारली आहे की युरियाचं नाव काढलं तरी जीव कळवळतो.

---

कातळफूल

आंबेघरदादा, तुमची कळकळ समजते. पण सांडलेल्या तेलाच्या जागी दोन अडचणी आहेत. पहिली गूळ. मातीतल्या जिवाणूंपुढे गूळ आणि तेल दोन्ही ठेवलं तर गूळ आधी संपतो, आणि तेल खाणारेही सोपं अन्न असताना तेलाची विकरं बनवणं लांबवतात. गुळावर वाढणारे जिवाणू मातीतला ऑक्सिजन आणि नत्रही खर्च करतात. दुसरी अडचण प्रमाणाची. ३.६ किलो नत्र जीवामृतातून द्यायचं तर इतकं पाणी ओतावं लागेल की मातीचा चिखल होईल आणि हवा बंद.

मात्र कुजलेलं शेणखत जरूर घाला. त्याने माती भुसभुशीत राहते, ओल टिकते, नत्र सावकाश सुटतं, स्फुरदालाही मदत होते. गोमूत्रात नत्र युरियाच्याच रूपात असतं, तेव्हा ते पातळ करून, गुळाशिवाय, ओल द्यायच्या पाण्यातून देता येईल. संपूर्ण काम गोमूत्र आणि शेणखतावर करायचं असेल तर होईल, वेळ जास्त लागेल. पाऊस जवळ नसता तर मीही तेच म्हटलं असतं.

---

हर्णैचा_दर्या

ताई, बागेचं कळलं. आता बंदराचं सांगा. बोटीच्या तळात इंजिनाखाली जे काळं पाणी साठतं, त्यात डिझेल, इंजिन ऑइल, ग्रीस सगळं असतं. ते उपसून कुठे टाकायचं? बरेचजण खाडीतच टाकतात, मी कोणा एकाला बोल लावत नाही, कारण जेटीवर टाकायला दुसरी जागाच नाही. गाळ बघाल तर कोलतार. ओहोटीला मुलं त्यात खेळतात. यावर जिवाणू चालतील का? आणि ऑइल बदललं की जळकं ऑइल लोक घेऊन जातात, कुंपणाच्या खांबांना, घराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून लावायला. ते बरं का वाईट?

---

कातळफूल

दर्यादादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे.

खाडीच्या गाळात वरचा बोटभर थर सोडला की खाली ऑक्सिजन नसतो. तिथे ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरणारे जिवाणू तेल तोडतात, पण अतिशय सावकाश. गाळ उकरून हवा द्यावी म्हटलं तर पुरलेलं तेल वर येतं आणि कालवं, शिंपल्या यांच्यात शिरतं. कांदळवनात तर पायही ठेवू नये. चिखलातून वर आलेल्या मुळ्यांनी ती झाडं श्वास घेतात, त्यांच्यावर तेल बसलं की झाड गुदमरतं, आणि आपण साफ करायला गेलो की तेच तेल पायांनी आत खोल रुतवतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आदळली, सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि रायगडच्या बाजूच्या कांदळवनांपर्यंत पोचलं. तेव्हा समुद्रावरचं आणि वाळूवरचं तेल गोळा करता आलं, चिखलातलं काढणं हा वेगळाच प्रश्न होता.

म्हणून गाळासाठी माझं उत्तर जिवाणू नाही. तेल तिथे जाऊच नये, हेच उत्तर. जेटीवर एक टाकी हवी, जिच्यात बोटीच्या तळाचं पाणी उपसता येईल. पाणी स्थिर राहिलं की तेल वर येतं. वरचं तेल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला विकता येतं. खालच्या पाण्यात जे थोडं तेल उरतं, त्यासाठी मात्र जिवाणू अगदी योग्य, कारण टाकीत हवा फुंकता येते आणि खत मोजून देता येतं. मोठ्या जहाजांना मार्पोल या समुद्रप्रदूषण रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार समुद्रात सोडायच्या पाण्यात दहा लाखांत १५ भागांपेक्षा जास्त तेल ठेवता येत नाही. आपल्या बंदरात पाच-पन्नास बोटींना मिळून एक टाकी ही फार मोठी मागणी नाही. मच्छीमार सोसायटीने ठराव करून मागितली पाहिजे.

जळकं ऑइल लाकडाला लावू नका. इंजिनात तापल्याने त्यात अनेक वलयांचे रेणू तयार होतात, त्यातले काही कर्करोगाला कारण ठरतात. शिवाय इंजिनाच्या झिजेचे धातू. धातू जिवाणूंना पचवता येत नाहीत, कुणालाच येत नाहीत. खांबांवरून ते पावसाने मातीत उतरतं. घराच्या वाशांना तर नकोच, खाली माणसं राहतात.

---

हर्णैचा_दर्या

टाकीचं डोक्यात घेतलंय. सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडतो. तुमचा हा प्रतिसाद छापून नेला तर चालेल ना?

---

कातळफूल

जरूर न्या.

---

देवगडकरीण

आमच्या किनाऱ्यार पावसाच्या तोंडार काळे डांबराचे गोळे येतत. पायाक चिकाटतत, खोबरेलान पुसूचे लागतत. ह्यां येता खयसून, आणि तुमचे जिवाणू ह्येका खातत काय?

मागे एका वर्षी सफाईच्या नावाखाली जेसीबीने खड्डा काढून सगळं वाळूतच पुरलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही. आणि २०२२ सालच्या सप्टेंबरमध्ये पार्थ नावाचं जहाज आमच्यासमोर समुद्रात बुडालं तेव्हापासून तर मनात धाकधूक असते.

---

कातळफूल

देवगडकरीणताई, पार्थमध्ये ३९०० टनांच्या आसपास डांबर होतं. तटरक्षक दलाने १९ जणांना वाचवलं. डांबर हे तेलातलं सगळ्यात जड, जिवाणूंना जवळजवळ न पचणारं. फर्नेस ऑइलही त्याच टोकाकडचं. जिवाणूंच्या ताटात सरळ साखळ्या आधी संपतात, मग फांद्या असलेल्या, मग लहान वलयं, मोठी वलयं फार उशिरा, आणि अस्फाल्टीन, म्हणजे डांबरातला सगळ्यात जड भाग, तसंच पडून राहतं. सुरंगीताई, तुमच्या बागेतही डिझेलचा भाग महिन्यांत जाईल, फर्नेस ऑइलचा काही भाग काळ्या कणांच्या रूपात मागे राहील. तो मातीला घट्ट चिकटलेला असतो, पाण्याबरोबर सहसा हलत नाही, पण शून्य होईल अशी आशा धरू नका.

किनाऱ्यावरचे गोळे म्हणजे समुद्रात सांडलेल्या किंवा जहाजांनी टाक्या धुऊन सोडलेल्या तेलाचा उरलेला जड भाग. हलका भाग उडतो, थोडा जिवाणू खातात, बाकीचं घट्ट होतं आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की पश्चिम किनाऱ्याला लागतं. म्हणून गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी इथे ते मे ते सप्टेंबरच्या सुमारास जास्त दिसतात. जिवाणूंना गोळ्याचा फक्त बाहेरचा पृष्ठभाग मिळतो, आत शिरता येत नाही. वाळूत पुरले तर हवा आणखी कमी, आणि पुढच्या उधाणाला ते परत वर. हातमोजे घालून, वाळू कमीत कमी घेऊन, हातांनी वेचणं हाच चांगला उपाय. वेचलेले गोळे ग्रामपंचायतीमार्फत घातक कचऱ्यात गेले पाहिजेत. वेळास, आंजर्ले, गुहागरला कासवांची अंडी असतात, तिथे वाळूत यंत्र फिरवायचंच नाही.

---

दूरदेशी

भारतीय शास्त्रज्ञानेच तेल खाणारा जिवाणू प्रयोगशाळेत बनवला होता ना? त्याचं पुढे काय झालं? तो वापरला तर इतके कष्ट वाचतील.

---

कातळफूल

हो, आनंद मोहन चक्रवर्ती. मूळ बंगालचे, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते. वेगवेगळ्या स्यूडोमोनास जिवाणूंकडे तेलाचे वेगवेगळे भाग पचवण्याचे जनुक प्लाझ्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या वलयांवर) होते, ते त्यांनी एकाच जिवाणूत एकत्र आणले. पेटंट मागितलं, नाकारलं गेलं, आणि १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. माणसाने बदललेल्या सजीवाला पेटंट मिळू शकतं, हे तिथून ठरलं. जैवतंत्रज्ञानाच्या इतिहासात त्याचं स्थान फार मोठं आहे. पण तो जिवाणू उघड्या समुद्रात सांडलेल्या तेलावर वापरला गेला नाही. बदललेला सजीव निसर्गात सोडायला परवानगी मिळणं अवघड होतं, आणि एकाच जिवाणूत सगळी क्षमता असण्याची गरजही निसर्गात नसते. तिथे दहा जाती मिळून ते काम करतात, एकाचं उष्टं दुसरा खातो.

कष्ट मात्र फळतात, याचा पुरावा आहे. २४ मार्च १९८९ला अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाज खडकावर चढलं, सुमारे चार कोटी लिटर तेल सांडलं. तिथल्या काही किनाऱ्यांवर जिवाणू न टाकता फक्त नत्र-स्फुरदाचं खत टाकलं. खत टाकलेल्या जागी तेल काही पटींनी जलद कमी झालं. जे तेल गोट्यांखाली, हवा नसलेल्या जागी गेलं, ते मात्र दशकांनंतरही सापडत राहिलं.

---

आंबेघर

गुळाचा मुद्दा पटला. सुरंगीताई, माझ्याकडे जुनं शेणखत आहे, राजापूरला येणाऱ्या टेम्पोने पाठवतो. कळवा.

---

सुरंगी

आंबेघरदादा, पाठवा, मोठी मदत होईल.

मंडळाकडे अर्ज दिलाय, पोच घेतली. मातीची डंपर-पावतीही मागितली आहे. आता कामाचा बेत असा केलाय, चूक असेल तर सांगा. तेलकट माती उकरून कातळावरच्या सपाट जागेवर ताडपत्रीवर पसरायची, चहूबाजूंनी मातीचा बांध. थर फूटभर. त्यात तूस आणि शेणखत. पहिल्या आठवड्यात चुना, दोन आठवड्यांनी युरिया-सुपरचा चौथा हिस्सा. दर रविवारी फावड्याने वरखाली. मे संपायच्या आत तपासणी. काजूच्या झाडांच्या मुळांत जी माती आहे ती उकरायची की नाही, ते कळत नाही. आणि तिथे वाळा लावावा असं एका नातेवाइकांनी सुचवलंय.

---

कातळफूल

बेत चांगला आहे. थोडे बदल सांगते.

मंडळाकडे अर्ज दिलाच आहे, तर ताडपत्रीवर माती साफ करण्याचा बेतही त्यांना लेखी द्या आणि त्यांचं म्हणणं आल्यावर फावडं लावा. तोवर बादल्यांची चाचणी चालू करता येईल. कातळाची जागा विहिरीच्या आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) वरच्या अंगाला नको, फट नसलेली बघा आणि ताडपत्री दुहेरी घ्या. एका कोपऱ्याकडे थोडा उतार ठेवा, तिथे एक बादली पुरा. निथळलेलं पाणी त्यात जमेल, तेच पुन्हा मातीवर शिंपडायचं, बाहेर सोडायचं नाही. हातात रबरी मोजे, पायात गमबूट, आणि लहान मुलं लांब.

ज्या मातीत तेल पाच टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे चिमटीत दाबली की बोटाला तेल सुटतं, ती या थरात घेऊ नका. इतक्या तेलात जिवाणूंना ना हवा मिळते ना पाणी. ती वेगळ्या ड्रमात भरून, झाकून, मंडळाच्या ताब्यात जाऊ द्या.

काजूची मुळं उकरू नका. झाडाच्या घेरात पहारीने वीतभर खोल भोकं पाडा, त्यांत शेणखत आणि अगदी थोडं खत भरा, वरून हलकं पाणी. भोकांतून हवा जाईल. वाळा चालेल. गवतांच्या दाट तंतुमुळांभोवती जिवाणू दाटीने राहतात, आणि उतारावर माती धरून ठेवायला वाळ्याइतकं चांगलं थोडंच काही आहे. फक्त त्याच्या मुळ्या पाण्याच्या माठात किंवा औषधाला वापरायच्या नाहीत, विकायच्याही नाहीत. घेरात भाजीपालाही नको.

मे अखेरच्या तपासणीत तेल पुरेसं उतरलं नसेल तर ढीग करून वरून ताडपत्री, कडा दगडांनी दाबून, भोवती चर. पावसाळाभर झाकलेला ठेवा आणि दसऱ्यानंतर पुन्हा पसरा. तपासणीसाठी माती एकाच जागची नको. थराच्या आठ-दहा जागांहून मूठ-मूठ घेऊन एकत्र कालवा, त्यातली काचेच्या बरणीत भरा, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पाठवा. सुरुवातीचा नमुना खत घालायच्या आधी घ्यायला विसरू नका, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

---

सुरंगी

पहिला नमुना उद्या सकाळीच घेते. बरणी उकळून वाळवून ठेवली आहे.